परवाना आणि परीक्षा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



अमेरिकेतील वास्तव्यात आलेल्या अनुभवांवर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा आपल्या चिटणिसांनी मला केली. परदेशी जाऊन आलेला मनुष्य तेथील गगनचुंबी इमारतींचे आणि रुंद रस्त्यांचे वर्णन करतो, ही रीतच आहे. परंतु ती चित्रे आपण सर्वांनी अनेकदा पाहिली आहेत. शिवाय आज आपल्या मंडळातील कुटुंबांपैकी असे घर विरळाच, की ज्यातील कोणी ना कोणी परदेशी नाही. सबब ते वर्णन मी बाजूस ठेवतो आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी ज्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालो, त्या परीक्षेची हकीकत आपणांस सांगतो. ज्याने चौतीस वर्षे इतरांच्या उत्तरपत्रिकांवर लाल शाईने खुणा केल्या, त्याने स्वतःच्या नापासीची कथा भर सभेत सांगावी, यात थोडे प्रायश्चित्तही आहे. ते कशाचे, हे प्रथमच सांगून टाकणे बरे.

मोटार हाकण्याचा परवाना मला 2004 साली मिळाला. ‘मिळाला’ हाच शब्द योग्य, कारण तो मी मिळवला नव्हता. जुनी मारुती गाडी विकत घेतली, शेजाऱ्याच्या मुलाने आठ दिवस मैदानावर शिकवले आणि पुढील व्यवस्था आपल्याच एका ज्ञातिबंधूने केली. त्यांची त्या कार्यालयात ओळख होती. मी गेलो, छायाचित्र काढून घेतले, सही केली आणि चहा पिऊन परत आलो. आठाच्या आकड्याच्या आकाराची जी वाट उमेदवाराने परीक्षकासमोर हाकून दाखवायची असते, ती मी दुरूनच पाहिली. पंधरवड्याने परवाना घरी आला. मी त्या गृहस्थांचे आभार मानले आणि आपल्या माणसांचा किती आधार असतो, असे घरी कौतुकानेही म्हणालो. वर्गात नक्कल करणाऱ्या मुलास बाकावर उभे करणारा मीच तो शिक्षक. पण या दोन गोष्टींत काही विसंगती आहे, हे त्या काळी माझ्या मनासही शिवले नाही.

2009 सालच्या पावसाळ्यात आमच्या गावच्या तिठ्यावर माझ्या गाडीचा धक्का लागून एक सायकलस्वार मुलगा पडला. तो माझ्याच शाळेत इयत्ता सातवीत होता. तिठ्यापाशी मी वेग कमी केला होता, पण थांबलो नव्हतो. मुलाचा उजवा हात मोडला. ईश्वराची कृपा, की तो हात पुढे नीट जुळून आला. औषधोपचाराचा खर्च मी दिला. परंतु तिठ्यावर जमलेली माणसे काय म्हणाली, ते मला आजही ऐकू येते. ती म्हणाली, “पोरगंच आडवं आलं. गुरुजींचा काही दोष नाही.” मुलाच्या वडिलांनीही माझ्यापुढे हात जोडले. मी ते ऐकून घेतले आणि गप्प राहिलो. दोष कोणाचा, हे मला कळत होते की नाही, याचे उत्तर मला पुढे चौदा वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे मिळाले.

आता मूळ हकीकतीकडे वळतो. 2023 साली मी व सौ. कायम वास्तव्याच्या परवानगीने कॅलिफोर्नियात आमच्या कन्येकडे गेलो. तिला दुसरे अपत्य व्हावयाचे होते आणि प्रकृतीच्या कारणाने डॉक्टरांनी तिला मोटार हाकण्यास मनाई केली होती. जावईबापू पहाटे सहाला कामावर निघत. थोरला नातू सहा वर्षांचा, त्याची शाळा अडीच मैलांवर, आणि त्या वाटेवर बस नाही. आपल्याकडे मूल शेजारच्या रिक्षात बसवून देता येते. तिकडील अशा वस्तीत ज्यास मोटार हाकता येत नाही, तो घरातील पाहुणाच राहतो, मग त्याचे वय आणि मान कितीही असो. मदतीस म्हणून गेलेली आम्ही दोन माणसे भाजी आणावयासही मुलीच्या शेजाऱ्यांवर अवलंबून होतो.

तेथील नियम असा, की नुसता पाहुणा म्हणून आलेला मनुष्य स्वदेशाच्या वैध परवान्यावर गाडी हाकू शकतो. परंतु जो तेथे राहण्यास आला, त्याने दहा दिवसांच्या आत राज्याच्या परवान्यासाठी अर्ज करावयाचा असतो. भारतीय परवाना दाखवला म्हणून परीक्षेतून सूट मिळत नाही. प्रथम लेखी परीक्षा असते. प्रौढ उमेदवारास मी दिली तेव्हा छत्तीस प्रश्न होते आणि उत्तीर्ण होण्यास तीस उत्तरे बरोबर लागत. मी सरकारी पुस्तिका शालेय पुस्तकासारखी खुणा करून वाचली आणि चौतीस उत्तरे बरोबर दिली. घरी येऊन मी थोडा फुशारलोही. पाठांतराच्या परीक्षेत शिक्षक सहसा हरत नाही. खरी परीक्षा पुढे होती.

प्रत्यक्ष परीक्षेस उमेदवाराने मोटार स्वतःच न्यावयाची असते. सरकार ती पुरवत नाही. गाडीची नोंदणी व विमा यांचे कागद लागतात, आणि परीक्षक आधी गाडीच तपासतो. जावईबापूंच्या गाडीची पुढील काच त्याच आठवड्यात दगड लागून तडकली होती. म्हणून त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा काढून भाड्याची मोटार आणली व ते मला परीक्षास्थानी घेऊन गेले. परीक्षक एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी भाडेकरार हाती घेतला, वरून खालपर्यंत वाचला आणि शांतपणे परत केला. करारावर जावयांचे नाव होते, माझे नव्हते. भाड्याच्या गाडीतून परीक्षा द्यावयाची तर विमाधारक चालक म्हणून उमेदवाराचे नाव करारात हवे, आणि गाडी परीक्षेसाठी वापरू नये असे कलम त्या करारात नसावे, असा नियम आहे. पुस्तिकेतील वेगमर्यादा मला तोंडपाठ होत्या; हा नियम मात्र मी वाचला नव्हता.

मित्रहो, त्या क्षणी माझ्यातील जुना मनुष्य जागा झाला. मी म्हणालो, “मी वृद्ध शिक्षक आहे, हे माझे जावई आहेत, आणि आमच्या घरी अडचण आहे.” बाईंनी माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, की वाटेत टक्कर झाली आणि आपले नाव करारात नसले, तर नुकसान आपले व आपल्या जावयांचेच होईल. हा नियम आपल्या रक्षणासाठी आहे. त्यांच्या स्वरात राग नव्हता आणि उपकाराचा भावही नव्हता. परीक्षा झालीच नाही. परतताना जावई काही बोलले नाहीत, परंतु त्यांची रजा वाया गेली होती आणि ती माझ्यामुळे गेली होती.

दुसऱ्या खेपेस आम्ही शहाणे झालो होतो. जावयांनी आदल्या सायंकाळी मला बरोबर घेऊनच गाडी भाड्याने घेतली. पहिल्या ठिकाणी करारात परीक्षेस मनाई असल्याचे कळले. ते करार ठेवून आम्ही दुसरीकडे गेलो. तेथे माझा भारतीय परवाना पाहून माझे नाव चालक म्हणून नोंदवले गेले. करार मी चष्मा लावून अक्षरन् अक्षर वाचला. परीक्षेच्या दिवशी जावयांना रजा नव्हती. शिकाऊ परवान्यावर एकट्याने जाता येत नाही. शेजारी परवानाधारक प्रौढ मनुष्य बसलेला लागतो. आमच्या शेजारी फिलिपिन्स देशातील एक निवृत्त परिचारिका राहत. त्यांचा आमचा ना देश एक, ना भाषा, ना धर्म. तरी त्या आपण होऊन म्हणाल्या, “मी येते.” त्या आल्या आणि परीक्षा संपेपर्यंत कार्यालयात बसून राहिल्या, कारण परीक्षेच्या वेळी गाडीत परीक्षकाखेरीज कोणास बसता येत नाही.

आरंभी गाडी उभी असतानाच तपासणी होते. हॉर्न, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर हे सर्व चालवून दाखवावे लागते. काचेवरील धुके घालवण्याचे बटण, वायपर, धोक्याचे दिवे आणि हातब्रेक कोठे आहेत, हे विचारतात. हाताच्या खुणाही कराव्या लागतात. तिकडे चालक डाव्या बाजूस बसतो, म्हणून डावा हात खिडकीबाहेर सरळ काढला की डावे वळण, कोपरात वर वाकवला की उजवे वळण, आणि खाली सोडला की थांबणे. खुणा मला आल्या. परंतु भाड्याची गाडी परकी असते. धुक्याचे बटण शोधण्यात माझा अर्धा मिनिट गेला. पुढे त्याहून मौज झाली. माझ्या मारुतीत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताशी होती, तिकडे ती डाव्या हाताशी असते. पहिल्याच वळणावर मी उजवी दांडी दाबली आणि लख्ख उन्हात वायपर फिरू लागले. परीक्षकबाईंनी कागदावर एक खूण केली. ते पेन्सिलीचे टोक पाहून माझ्या पोटात गोळा उठला, आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या मुलांची मला प्रथमच खरी ओळख पटली.

रस्त्याच्या कडेला गाडी लावून सरळ रेषेत सुमारे तीन गाड्यांच्या लांबीइतके मागे जावयाचे असते, आणि त्या वेळी कडेपासून तीन फुटांहून अधिक दूर जावयाचे नसते. ते साधले. मागून कोणी येत नाही ना, हे पाहण्यासाठी नुसता आरसा पुरत नाही. मान वळवून खांद्यावरून पाहावे लागते. तेही मी केले. यापुढे एका निवांत वस्तीत चौफुलीवर तांबडा अष्टकोनी थांब-फलक आला. चारही बाजूंस तोच फलक. जो आधी येऊन थांबेल, त्याने आधी निघावयाचे. दोघे एकदम आले, तर उजवीकडच्यास वाट द्यावयाची. पोलीस नाही, दिवा नाही. रस्ता ओस होता. मी वेग कमी केला, दोन्हीकडे पाहिले आणि पुढे गेलो.

कार्यालयात परतल्यावर बाई म्हणाल्या, की आपण अनुत्तीर्ण आहात. किरकोळ चुका पंधरापर्यंत क्षम्य असतात आणि माझ्या अकराच होत्या. परंतु काही चुका अशा असतात, की एक होताच परीक्षा संपते, आणि चिन्हाची आज्ञा मोडणे ही त्यांतील एक. मी म्हणालो, “मी वेग तर कमी केला होता, आणि तेथे कोणी नव्हतेही.” त्या म्हणाल्या, “वेग कमी करणे म्हणजे थांबणे नव्हे. चाक पूर्ण थांबले पाहिजे. कोणी नाही हे आपण थांबल्यावर ठरवायचे असते, थांबण्यापूर्वी नाही.”

बंधुभगिनींनो, या वाक्यासरशी मला कॅलिफोर्नियातील चौफुली दिसेनाशी झाली आणि आमच्या गावचा तिठा दिसू लागला. पावसात आडवी पडलेली सायकल दिसली. तेथेही मी वेग कमी केला होता. तेथेही मी थांबलो नव्हतो. 2004 साली अशीच एखादी बाई माझ्या शेजारी बसली असती आणि तिने मला नापास केले असते, तर कदाचित 2009 साली त्या मुलाचा हात मोडला नसता. ज्या उपकाराबद्दल मी आभार मानले होते, त्याची किंमत एका बारा वर्षांच्या मुलाने दिली होती, आणि गावाने ती माझ्याकडून मागितलीही नव्हती.

त्या सायंकाळी नातवाने विचारले, “आजोबा, नापास म्हणजे काय?” सौ. म्हणाल्या, “नापास म्हणजे आजोबांना अजून शिकायचे आहे.” मी माझ्या शाळेत इतके सोपे उत्तर कधी दिले नव्हते.

पुढील तीन रविवारी जावई आणि कन्या या दोघांनी मला शिकवले. कन्या अवघडलेली असूनही शेजारी बसे आणि प्रत्येक फलकापाशी म्हणे, “बाबा, चाक थांबू द्या. मनात एक, दोन, तीन मोजा, आणि मग बघा.” तिला पाढे मी शिकवले होते, तिने मला तीनपर्यंत मोजणे शिकवले. फार सावकाश हाकणे म्हणजे सुरक्षित हाकणे, ही माझी समजूतही तिने मोडली. कारण नसता मर्यादेपेक्षा ताशी दहा मैलांनी कमी वेगाने जाणे हीसुद्धा तेथे नापास करणारी चूक आहे, कारण मागच्याला आपला अंदाज येत नाही. वस्तीत व शाळेपाशी मुले असताना मर्यादा सामान्यतः ताशी पंचवीस मैल, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर असते.

तिसऱ्या खेपेस आम्ही मुद्दाम त्याच नमुन्याची गाडी भाड्याने मागितली. आदल्या रात्री अंगणात ती उभी करून मी अर्धा तास नुसता आत बसलो आणि डोळे मिटून एकेक बटण हाताने ओळखले. शेजारच्या परिचारिकाबाई पुन्हा आल्या. या वेळी परीक्षक एक तरुण गृहस्थ होते. प्रत्येक फलकापाशी मी थांबलो आणि तीन मोजले. नऊ चुकांनिशी मी उत्तीर्ण झालो. तात्पुरता कागदी परवाना हाती पडला, तेव्हा चौसष्ट वर्षांच्या आयुष्यातील माझा हा पहिला खरा मोटारीचा परवाना, असे मनात आले. त्यानंतर अठराव्या दिवशी कन्या प्रसूत झाली, आणि नातवाला शाळेत पोहोचवून मी रुग्णालयात गेलो, तो माझा मीच.

ज्यांची मुले परदेशी आहेत व ज्यांना तेथे राहावयास जावयाचे आहे, त्यांस अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो. नियम प्रत्येक राज्याचे व देशाचे निराळे असतात. तेथील सरकारी पुस्तिका आधी वाचावी. भाड्याची गाडी नेणार असाल, तर स्वतःचे नाव करारात आहे काय आणि परीक्षेस मनाई नाही ना, हे सही करण्यापूर्वी पाहावे. शक्य तर गाडी आदल्या दिवशीच घ्यावी आणि तिची बटणे हाताखाली घालावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वीस वर्षांची सवय ही विद्या आहे असे समजू नये; पुष्कळदा ती वीस वर्षांची चूक असते.

परवाना आणि परीक्षा या दोन गोष्टी एकत्र जन्मलेल्या नाहीत. इंग्लंडात 1903 च्या कायद्याने मोटारचालकास परवाना आवश्यक झाला, परंतु परीक्षा सक्तीची झाली ती 1935 साली. मधली बत्तीस वर्षे तेथेही कागदच पुरेसा होता. आपल्या देशात कायद्याने परीक्षा केव्हाच आली. पण ओळख असली की ती टळते, ही आपल्यातील अनेकांची समजूत आहे. भारत सरकारच्या आकडेवारीप्रमाणे 2022 साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. रस्ते वाईट असतात, वाहने जुनी असतात, हे खरेच. परंतु त्यांपैकी किती चालकांनी चाक थांबवण्याचे शिक्षण घेतले होते, हा प्रश्न आपण आपल्या घरापुरता तरी विचारावा.

मंडळाचे मजवर ऋण आहे. माझ्या शिक्षणास याच मंडळाच्या शिष्यवृत्तीचा आधार झाला, हे मी विसरलेलो नाही. एकमेकांस हात देणे हे ज्ञातिसंस्थेचे ब्रीद आहे. परंतु परीक्षेस बसण्यास हात देणे निराळे आणि परीक्षा टाळण्यास हात देणे निराळे. पहिल्याने माणूस उभा राहतो. दुसऱ्याने तो उभा असल्याचा नुसता भास होतो, आणि कोसळताना तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर कोसळतो. तो दुसरा बहुधा असा असतो, की ज्याची कोठेच ओळख नसते.

यंदा स्वदेशी आलो, तेव्हा माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा मजकडे आला आणि म्हणाला, “काका, तुमचा विद्यार्थी त्या कार्यालयात आहे. एक शब्द टाका.” मी नकार दिला. पहाटे त्याच्याबरोबर मैदानावर येईन, हवे तितके दिवस शेजारी बसेन, पण शब्द टाकणार नाही, असे सांगितले. तो रागावला. बंधूही म्हणाले, की तुम्ही स्वतः तेच केले आणि मुलास मात्र नीती शिकवता. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, म्हणून मी त्यांस तिठ्याची हकीकत, जी मी घरी कधी उघडपणे बोललो नव्हतो, ती सांगितली. पुतण्या दोन आठवडे माझ्याकडे फिरकला नाही. मग एका पहाटे तो गाडीची किल्ली घेऊन दारात उभा राहिला. पहिल्या परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला आहे. दुसरी पुढील महिन्यात आहे. तो अद्याप माझ्यावर थोडा रुष्ट आहे, परंतु कालच्या सकाळी रिकाम्या तिठ्यावर त्याने गाडी पूर्ण थांबवली आणि ओठांतल्या ओठांत तीन मोजले, ते मी पाहिले.

तो मुलगा, ज्याचा हात मोडला होता, आता सव्वीस वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याच्या घरी जाऊन, दोष माझा होता, असे मी त्याला व त्याच्या वडिलांना सांगितले. वडील म्हणाले, “गुरुजी, आता कशाला ते?” मुलगा काही बोलला नाही. त्याने मला चहा दिला आणि निरोप द्यावयास तिठ्यापर्यंत आला.